इम्पोर्टेड खाऊवरचा तो पांढरा स्टिकर: बंदरावर नक्की काय तपासतात?

पारलेकरीण

मंडळी, आमच्या सोसायटीत दर दिवाळीला वॉचमन, सफाईवाले आणि घरकामाच्या मावशींसाठी सुक्यामेव्याचे डबे भरले जातात. यंदा पिस्ता आणि अंजीर कुठून आणायचे यावरून कमिटीत चांगलीच जुंपली. एका काकांचं म्हणणं, परदेशी पाकीट घ्या, ते कस्टम्सने तपासून सोडलेलं असतं. समोरच्या काकू म्हणाल्या, डोंबलाचं तपासतात, पांढरा स्टिकर डकवतात आणि सोडून देतात. मी सेक्रेटरी, त्यामुळे निकाल माझ्या गळ्यात.

इथे बंदरात आणि लॅबमध्ये काम करणारे लोक आहेत म्हणून विचारते. नक्की कोण तपासतं? प्रत्येक कंटेनर उघडतात का? आणि क्रॉफर्ड मार्केटात स्टिकरच नसलेली चॉकलेटं मिळतात, ती कुठल्या वाटेने येतात?

शंकासुर

काही तपासत नाहीत. कंटेनर आला, चहापाणी झालं, स्टिकर चिकटला, माल बाजारात. काकूंना माझा नमस्कार सांगा.

उरणचा_खारवा

शंकासुर, चहापाण्यावर वेगळा धागा काढा, तिथेही येईन. मी न्हावा-शेव्याला एका कस्टम्स ब्रोकरकडे आहे (जुने लोक अजून सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, म्हणतात). खाण्याच्या मालाची कागदपत्रं हेच रोजचं काम.

ताई, आधी एक गल्लत दूर करू. माल 'कस्टम्सने तपासला' असं सगळे म्हणतात, पण खाण्यायोग्य आहे की नाही हे ठरवणं मूळचं कस्टम्सचं काम नाही. ते एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०१७ चे आयात नियम. मुंबई, चेन्नई, कोलकाता, दिल्ली, कोचीन, तुतिकोरिन इथे एफएसएसएआयचे स्वतःचे अधिकारी आहेत. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी कस्टम्सच्याच अधिकाऱ्यांना तो अधिकार दिलेला आहे.

माल असा फिरतो. जहाज लागलं की कंटेनर बंदरातून सीएफएसला (कंटेनर ठेवायच्या-उघडायच्या आवारात) जातो. आम्ही आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा अर्ज, भरतो. २०१६ पासून एकखिडकी आहे, त्यामुळे तेच बिल आपोआप एफएसएसएआयच्या संगणकावरही जातं, वेगळा अर्ज नाही. प्रत्येक कंटेनर मात्र नमुन्यासाठी थांबत नाही. माल कुठला, कुठल्या देशातून आला, आयातदाराचा आधीचा इतिहास काय, हे पाहून निवड होते. ज्याचा माल पूर्वी नापास झालाय त्याच्यावर जास्त डोळा.

निवड झाली की आधी कागद. घटकांची यादी, मूळ देशाचा दाखला, आयातदाराचा केंद्रीय परवाना, माल तसा असेल तर आरोग्य प्रमाणपत्र. दूध, डुकराचं मांस आणि मासळीसाठी मार्च २०२३ पासून परदेशी सरकारी यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतंच. कागद पटले की फी भरायची, मग तपासणीची वेळ मिळते. अधिकारी सीएफएसला येतो, कंटेनर उघडतो. वास, ओल, किडे, फुटलेले खोके, लेबल, सगळं बघतो आणि मुख्य म्हणजे तारीख बघतो. शेल्फ लाइफचा ६० टक्के भाग किंवा ३ महिने, यातलं जे कमी असेल तेवढं आयुष्य मालाला उरलेलं पाहिजे, नाहीतर तिथेच अडला. वर्षभर टिकणाऱ्या चॉकलेटला ३ महिने उरलेले पुरतात. एकूण ४ महिनेच टिकणाऱ्या मालाला मात्र साधारण ७२ दिवस लागतात.

मग नमुना. दोन भाग करून सील करतात, एक लॅबला, दुसरा राखून. लॅबने ५ दिवसांत अहवाल द्यायचा. पास झाला तर एनओसी (ना हरकत दाखला), नापास तर एनसीआर (माल नियमांत बसत नाही असा अहवाल). एनओसी आली तरी कस्टम्सचं आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायचा हुकूम, व्हायचं असतंच.

हे चालू असताना आयातदाराचा मीटर पळत असतो. सीएफएसचं ग्राउंड रेंट, शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं), चीज किंवा फ्रोझन माल असेल तर रीफरच्या (थंड कंटेनरच्या) विजेचे पैसे. मध्ये दोन सुट्ट्या आल्या की शेट लोकांचे फोन सुरू. दिवाळीआधी तर आमच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस पुरत नाही.

दोन_पोरांची_आई

५ दिवसांत सगळं तपासून होतं? आमच्या फॅमिली डॉक्टरच्या साध्या कल्चर रिपोर्टला तीन-चार दिवस लागतात.

आणि स्टिकरच नसलेल्या मालाबद्दल ताईंनी विचारलंय, त्यावर कुणी लिहा ना. माझी जाऊ बाळासाठी परदेशी दूध पावडर कुणा 'ओळखीच्या' माणसाकडून मागवते. डब्यावर एक अक्षर वाचता येत नाही.

परीक्षानळी

कल्चरचा मुद्दा बरोबर. साल्मोनेला बघायचा तर २५ ग्रॅम नमुन्यात तो 'नाही' असं सिद्ध करावं लागतं. आधी जंतूंना वाढू द्यायचं, मग निवडक माध्यमात, मग प्लेटवर, मग खात्री. चार-पाच दिवस त्यातच जातात, म्हणून ५ दिवसांची मुदत आमच्यासाठीही ओढाताणीचीच असते. ज्या मालाचं आयुष्यच ७ दिवसांपेक्षा कमी, त्याला अहवालाची वाट न बघता तात्पुरती एनओसी देतात. नाहीतर निकाल येईपर्यंत माल कुजायचा.

मी एका खासगी फूड लॅबमध्ये आहे. पिस्ता-अंजिराचा प्रश्न असल्यामुळे अफ्लाटॉक्सिनबद्दल जरा लांबण लावतो.

ही बुरशीने तयार केलेली विषं, यकृतावर जाणारी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि तिथून या विषांची ओळख झाली. आपल्याकडे १९७४ साली बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. घरच्या भाजण्या-तळण्याने हे विष पुरतं जात नाही. थेट खायच्या सुक्यामेव्यात मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया व्हायची असेल तर १५. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आमची यंत्रं एवढं सहज पकडतात. त्याबद्दल निश्चिंत राहा.

अडचण यंत्रापाशी पोचायच्या आधीची आहे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती चालते कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत जवळपास सारखंच शिजलेलं असतं. अफ्लाटॉक्सिन तसं पसरत नाही. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा भयंकर निघतो. हिशेब करून बघा. समजा अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष आहे (इतके विषारी शेंगदाणे संशोधकांना मिळालेले आहेत). तो एक दाणा २० किलो स्वच्छ मालात दळला गेला, तर सरासरी किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. सगळा नमुना नापास. आणि तो दाणा नमुन्यात आलाच नाही, तर तोच माल शून्य दाखवून पास.

म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या पद्धतीत थेट खायच्या पिस्ता-बदामासाठी १०-१० किलोचे दोन नमुने सांगितलेत, प्रक्रियेच्या मालासाठी २० किलोचा एक. तोही एका पोत्यातून उपसायचा नाही, सगळ्या लॉटमधून थोडा थोडा गोळा करायचा आणि पूर्ण दळून मग त्यातला भाग तपासायचा. दाराजवळचे दोन खोके उघडून पाकीट-दोन पाकिटं उचलली, तर आमचा अहवाल कितीही अचूक असला तरी त्या दोन पाकिटांचाच.

त्यामुळे ताई, एनओसीचा अर्थ एवढाच घ्या: तपासलेल्या नमुन्यात, तपासलेल्या घटकांपुरतं, त्या दिवशी मर्यादेबाहेर काही सापडलं नाही.

शंकासुर

म्हणजे फिरून माझंच खरं. एवढा तामझाम आणि शेवटी नशिबाचा खेळ.

परीक्षानळी

नाही हो. नमुन्यात सापडण्याची शक्यता कमी असली तरी सापडल्यावरचा फटका मोठा असतो. पूर्ण कंटेनरचं भाडं, परत पाठवायचा खर्च, पुढच्या प्रत्येक मालावर नजर. म्हणून शहाणे आयातदार तिकडे माल भरायच्या आधीच तपासणी करून अहवाल मागतात. बंदरावरच्या तपासणीचा खरा उपयोग जहाज निघायच्या आधीच होऊन गेलेला असतो. युरोपने १९९७ साली इराणी पिस्ता अफ्लाटॉक्सिनपायी काही काळ पूर्ण बंद केला होता. असं एकदा झालं की निर्यातदार देशात छाटणी, वाळवणी, साठवण सगळंच ताळ्यावर येतं.

बॅलार्ड_पिअर

कस्टम्सच्या लॅबमधून निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ. उरणच्या मित्राने छान लिहिलंय. फक्त एक जोडतो.

कस्टम्सही नमुने घेतं, १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १४४ खाली. पण तिथला प्रश्न 'हे खाल्लं तर काय होईल' असा नसून 'यावर ड्युटी किती' असा असतो. कच्चं पामतेल की रिफाइंड, हे ठरवायला आम्ही आम्लमूल्य आणि कॅरोटिनॉइड बघत असू, कारण दोन्हींच्या दरात फरक आणि त्या फरकात कोट्यवधी रुपये. बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमधल्या आमच्या लॅबने तेल 'कच्चं' म्हटलं, तर त्याने ते शुद्ध आहे असं सिद्ध होत नाही. एकाच टँकरच्या तेलाचे दोन नमुने दोन वेगळ्या लॅबमध्ये जातात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. लोक मात्र दोन्हीला 'कस्टम्सची तपासणी' म्हणतात.

एफएसएसएआय यायच्या आधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता आणि बंदरावर पोर्ट हेल्थ ऑफिसर बघायचे. त्या काळातलं मुंबईकरांनी विसरू नये असं प्रकरण म्हणजे आयरिश लोणी. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं. त्यानंतर युरोपीय आर्थिक समुदायाकडून मदत म्हणून आलेल्या आयरिश लोण्यात किरणोत्सार आहे, ते मुंबईकरांच्या दुधात जाणार, यावरून १९८७ साली शहरात घबराट. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे याचिका फेटाळली, मग सर्वोच्च न्यायालय. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. लोण्यातलं प्रमाण ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहे, खायला हरकत नाही, असं समितीने सांगितलं आणि १९८८ मध्ये विषय मिटला. कायद्याने मिटला, घरोघरी नाही. आमच्या हिने पुढे कित्येक महिने लोणी घरातच कढवलं, बाहेरचं आणू दिलं नाही.

मला आजही वाटतं त्या प्रकरणात लोकांचा प्रश्न रास्त होता. आकडा मर्यादेत आहे हे कळलं, पण 'मर्यादा तुम्ही कशी ठरवलीत' हे न्यायालयात जाईपर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं.

हापूसप्रेमी

काका, लोण्याचं वाचून मजा आली. अवांतर: आमची आजी ७२ च्या दुष्काळातल्या मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरीचं अजून नाव काढते. परदेशी धान्य म्हटलं की तिला तोच लाल रंग दिसतो.

मुद्द्याचं: तिसरी तपासणी राहिली. फळं, धान्य, डाळी, सुकामेवा यांना प्लँट क्वारंटाइनमधूनही जावं लागतं. मुंबईत त्यांचं केंद्र शिवडीला हाजी बंदर रोडवर आहे. त्यांना तुमच्या पोटाशी देणंघेणं नाही, आपल्या शेताशी आहे. फळातून कीड आत आली तर? डिसेंबर २०२१ मध्ये इराणची किवी याच कारणाने थांबवली होती. गाजरगवत पीएल-४८० च्या (अमेरिकेच्या मदत योजनेतल्या) गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे सर्रास मानतात. ते खरं असो वा नसो, बांधावरचा शेतकरी अजून उपटतोय.

आपला हापूसही या चरकातून गेलाय. १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा बंद केला, फळमाशी सापडत होती म्हणून. ऐन हंगामात. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं. तेव्हा आम्ही देवगडवाल्यांनी युरोपला शिव्या घातल्या. आता इकडे येणारी फळं आपल्याकडे कुणी अडवली की आम्हीच म्हणतो, बरोबर केलं.

मसाला_गल्ली

वाशी मार्केटला आमचा सुक्यामेव्याचा गाळा आहे, थोडी आयातही करतो. वर सगळे विषाबद्दल बोलताहेत. आयातदाराची झोप विषापेक्षा लेबल जास्त उडवतं.

आमच्या ओळखीच्या एका आयातदाराचा चॉकलेटचा माल अडला होता. चॉकलेटात खोट नव्हती. घटकांची यादी फक्त परदेशी भाषेत छापलेली. काही चुका इथे बाँडेड (कस्टम्सच्या देखरेखीखालच्या) गोदामात स्टिकर लावून सुधारता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, हिरवं किंवा तपकिरी चिन्ह, पदार्थाचा प्रकार. तो पांढरा स्टिकर म्हणजे हेच. तारीख, बॅच नंबर, घटक या गोष्टी मात्र कारखान्यातूनच छापून आल्या पाहिजेत, इथे चिकटवता येत नाहीत. तेव्हा काकू म्हणतात तसा स्टिकर इथे लागतो हे खरं, पण तो कायद्यानेच लावायला सांगितलेला आहे. स्टिकर दिसला की फसवणूक, असं काही नाही.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते सांगतो. बदामाचं घ्या. कॅलिफोर्नियाचा बदाम मोठ्या प्रमाणात कवचासकट येतो. बंदरावर तपासणी त्या अवस्थेत. मग तो इथे फुटतो, निवडला जातो, प्रतवारी होते, पोत्यात भरला जातो, एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे, तिथून किरकोळ दुकानात, आणि शेवटी कुणीतरी पाव-पाव किलोची पाकिटं करतो. हा प्रवास काही महिन्यांचा. मधे मुंबईचा पावसाळा. ज्याने तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला त्याचा माल चांगला. ज्याने भाडं वाचवायला मस्जिद बंदरच्या ओलसर गोदामात ठेवला, त्याच्या मालाला बंदरावर शून्य आलेलं असलं तरी ऑगस्टनंतर काय येईल सांगता येत नाही. बुरशी एनओसी वाचत नाही.

माझं मत विचाराल तर ग्राहकाने 'इम्पोर्टेड की लोकल' यापेक्षा 'कुठे आणि किती दिवस ठेवलं होतं' हे विचारावं. आमच्याकडे येणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांत एखादाच विचारतो.

दोन_पोरांची_आई

मसाला_गल्ली, तुमचा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला. पण दूध पावडरीचं राहिलंच.

परीक्षानळी

लिहितो. २००८ च्या चीनमधल्या मेलामाइन प्रकरणाची आठवण असेल. दुधात पाणी घातलं की प्रथिनं कमी दिसतात. प्रथिनं मोजायची जुनी पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच. ते मिसळलं की पातळ दूध कागदावर घट्ट. तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडात खडे झाले, काही दगावली. भारताने तेव्हापासून चीनमधून येणारं दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि ते घातलेली चॉकलेटं, कँडी यांवर बंदी घातली आणि ती वाढवत नेली. पुढे असं ठरलं की बंदरांवरच्या लॅबमध्ये मेलामाइन तपासायची सोय होईपर्यंत बंदी राहील.

त्या प्रकरणातून घ्यायचं ते असं: लॅब जे शोधायला निघते तेच तिला सापडतं. २००८ च्या आधी दुधात मेलामाइन शोधायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

तुमच्या जाऊबाईंचा डबा कुणाच्या सामानातून आला असेल तर त्याचा नमुना निघालेला नाही. दूध कदाचित उत्तम असेलही. पण उद्या त्या बॅचमध्ये काही निघालं आणि परदेशी कंपनीने माल परत मागवला, तर तुम्हाला कळवणारा इथे कुणी नाही. आयातदाराचा पत्ता स्टिकरवर लागतो तो याचसाठी. मोठ्या माणसांच्या चॉकलेटला मी इतका कडक नाही, तान्ह्या बाळाच्या दुधाला आहे. डबा बदला, बालरोगतज्ज्ञांना विचारून.

पारलेकरीण

क्रॉफर्ड मार्केटचं उत्तर यातच मिळालं म्हणायचं.

उरणचा_खारवा

बरंचसं. तिथे रीतसर आयात झालेला मालही असतो, सरसकट नावं ठेवू नका. पण स्टिकरच नाही, किंमत विचारली की 'आपके लिए' अशी सुरुवात, आणि तारखेवर खाडाखोड, असं तिन्ही एकत्र दिसलं तर पुढे चालायला लागा.

शंकासुर

बरं, मी आता जरा सरळ विचारतो. नापास झालेल्या मालाचं पुढे काय? तो मागच्या दाराने येत नाही कशावरून?

उरणचा_खारवा

हा चांगला प्रश्न. एनसीआर आला की आयातदाराला राखून ठेवलेला दुसरा भाग रेफरल लॅबकडे पाठवायची मागणी करता येते, मुदतीत. तिथला निकाल अंतिम. तिथेही नापास, तर माल परत पाठवायचा किंवा कस्टम्सच्या देखरेखीखाली नष्ट करायचा. तोपर्यंत तो बाँडमध्येच. कागदावर दार बंद आहे. सप्टेंबर २०२४ पासून एफएसएसएआयने नाकारलेल्या मालाची माहिती देणारं 'फिरा' नावाचं पोर्टलही सुरू केलंय, म्हणजे एका बंदरातून हाकललेला माल दुसऱ्या बंदरात घुसवणं अवघड व्हावं.

आता अनुभवाचं. मी नष्ट करताना पाहिलेला माल खरंच नष्ट झाला, कार्टन फोडून, रोलर फिरवून, फोटो काढून. मी न पाहिलेल्या मालाबद्दल शपथ घेणार नाही. पण एक नक्की, चोरवाटेने येणाऱ्याला नापास मालच आणायची गरज नाही. माल दुसऱ्याच नावाने डिक्लेअर करणं त्याला सोपं पडतं. खाण्याची वस्तू खाण्याची म्हणून दाखवलीच नाही, तर एफएसएसएआयकडे बिल जाणारच नाही.

बॅलार्ड_पिअर

+१. सुपारीत काय काय नावं वाचलीत विचारू नका. सुपारीवर किमान आयात किंमत आहे, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती किलोला ३५१ रुपये केली. त्याखालची सुपारी आणायची तर तिला सुपारी म्हणून चालत नाही.

शंकासुर

आणि लॅबवाले? एक लॅब पास म्हणते, दुसरी नापास. कुणाचं खरं?

परीक्षानळी

तपासणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या आणि एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या लॅबमध्येच व्हावी लागते, आणि मान्यता त्या त्या चाचणीपुरती असते. शिसं मोजायची मान्यता असलेल्या लॅबला कीटकनाशकं मोजायची असेलच असं नाही. २०१५ च्या मॅगी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली ती याच मुद्द्याला धरून. आधीच्या लॅबच्या मान्यतेवर बोट ठेवलं आणि पंजाब, हैदराबाद, जयपूर इथल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा तपासायला सांगितलं. दोन अहवाल वेगळे आले की मी आधी लॅबची मान्यता बघतो, मग नमुना कसा घेतला ते, आणि शेवटी आकडा. बातम्यांत पहिला आकडाच येतो.

पारलेकरीण

सगळ्यांचे आभार, कमिटीला वाचून दाखवलं. काकांना 'तपासलेल्या नमुन्यापुरतं' हे काही पटलं नाही, काकूंना स्टिकर कायदेशीर आहे हे पटलं नाही. ठरलं ते असं: यंदाचा नवा माल, पॅकबंद, आयातदाराचा पत्ता असलेला, आणि डबे दिवाळीच्या आठवड्यातच भरायचे, महिनाभर आधी भरून क्लबहाउसमध्ये ठेवायचे नाहीत. मसाला_गल्ली, परवाना नंबर खरा की खोटा कसा बघायचा?

मसाला_गल्ली

१४ आकडी असतो. १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. आयातदाराला केंद्रीय परवानाच लागतो, त्यामुळे इम्पोर्टेड पाकिटावर आयातदाराचा म्हणून २ ने सुरू होणारा नंबर दिसला तर घेऊ नका. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅपवर नंबर टाकला की नाव-पत्ता येतो, तो स्टिकरशी जुळवा. आणि स्टिकरने मूळ छापील तारीख झाकली असेल तर तिथेच परत करा. पिस्त्यात काळपट, सुरकुतलेले, खवट वासाचे दाणे दिसले तर निवडून टाका, चाखून बघू नका. अंजीर फोडून आत बघायचं.

दोन_पोरांची_आई

आणि तरीही शंका आली तर सामान्य माणसाला स्वतः तपासून घेता येतं का? की फक्त अधिकाऱ्यांनाच?

परीक्षानळी

येतं. कायद्याच्या कलम ४० खाली कुठलाही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो, आणि अहवालात माल कायद्याबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. पण त्यात एक अट आहे जी कुणाला माहीत नसते: 'मी हे तपासायला देणार आहे' हे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. घरी आणल्यावर, अर्धं पाकीट संपल्यावर शंका आली तर या कलमाचा उपयोग नाही. तेव्हा अॅपवर किंवा वांद्र्याला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यांचा अधिकारी दुकानातून स्वतः नमुना घेतो, तिथे त्याचे चार भाग होतात, बंदरासारखे दोन नाही.

शंकासुर

दुकानदाराला आधी सांगायचं?! मग तो देईल का मला पिस्ता?

मसाला_गल्ली

आमच्या गाळ्यावर या, देतो. बिल घ्या, बॅच नंबर लिहून घ्या, पाकीट फोडू नका. सुटा माल घेऊन जाल तर मात्र मी उद्या म्हणेन की हा माझा नाहीच.